शांतवनभाऊंचं अनुमोदन

कर्जतच्या ख्रिस्ती मंडळीत सभा कसलीही असो, वार्षिक असो नाहीतर नाताळच्या जेवणाची, एक गोष्ट ठरलेली. सूचक कुणीही असेल, अनुमोदक शांतवन उजागरे. चिटणिसाने ठराव वाचला की पाळकसाहेब मान वर करून विचारणार, "अनुमोदक?" आणि सगळी मंडळी भलतीकडेच बघायला लागणार. कुणाला पंख्यावरची धूळ दिसते, कुणाला आपली नखं वाढलेली आठवतात, कुणाच्या पोराला नेमकी तेव्हाच शू लागते. जरा वेळ असं गेलं की शांतवनभाऊंना काही राहवायचं नाही. हात वर. "माझं अनुमोदन." झालं. लिहून घेतलं, पुढचा विषय.

आता यात त्या माणसाचा काही मोठेपणा होता असं बिलकूल समजू नका. मोठेपणा कसला, त्यांना ती शांतता सोसायची नाही. सगळी नोकरी खोपोलीच्या कारखान्यात फिटर म्हणून झाली. तिथे यंत्र धडधडतंय तोवर सगळं ठीक, गप्प झालं की काहीतरी बिघडलं. चारचौघं एकाएकी गप्प झाले की त्यांना तसंच वाटायचं. मग त्यांनी हात वर करून ते यंत्र पुन्हा चालू करायचं. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. पाळक बदलले, चिटणीस बदलले, अनुमोदक तोच. लोक थट्टा करायचे. "भाऊ, तुम्ही एकदा आजारी पडलात तर मंडळीचा कारभारच ठप्प!" भाऊ हसायचे. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

माणूस मूळचा नगरकडचा. तरुणपणी कामासाठी इकडे आला आणि भिसेगावात दोन खोल्या बांधून इथलाच झाला. बायको एस्तेर. बालवाडीत शिकवायची, गळा गोड, मंडळीत गाणं सुरू करायचं ते तिनेच. मुलगी जागृती लग्न होऊन नाशकाला. सगळं बरं चाललेलं असताना एस्तेरबाई एक दिवस मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, कितीतरी महिने अंथरुणात गेले. उठल्या, पण वॉकर हातात घेऊनच. सपाट जमीन असेल तर एस्तेरबाई वॉकर टेकत टेकत कुठेही जातील. पायरी आली की संपलं. पाय उचलला तर कळ थेट मस्तकात जायची. घराच्या दाराशी एकच पायरी होती, ती भाऊंनी स्वतःच्या हाताने सिमेंट ओतून उतरती करून टाकली.

मग बाई जाणार कुठे? शेजारणीकडे ओटा, दवाखान्याला जिना, बाजारात खड्डे. आठवडाभर पलंग ते स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर ते पलंग. राहिला रविवार. आपलं चर्च म्हणजे पूर्वीचं भातगिरणीचं गोदाम. पोती घेऊन बैलगाडी सरळ आत यावी म्हणून जमीन रस्त्याच्या बरोबरीने ठेवलेली, उंबरासुद्धा नाही. एस्तेरबाईंसाठी अख्ख्या कर्जतात देवाने तेवढी एकच जागा राखून ठेवली होती म्हणा ना. शनिवारी रात्रीच त्यांची साडी काढून ठेवलेली असायची. सकाळी शकूर रिक्षा घेऊन यायचा, दारात हॉर्न द्यायचा. "काकी, चला, उशीर झाला तं देव रागवंल हां!" आणि रिक्षा अगदी चर्चच्या तोंडाशी नेऊन लावायचा. दाराजवळचा शेवटचा बाक त्यांचा. तिथे बसून त्या गाणं सुरू करायच्या, गाणं संपल्यावर पोरांच्या वह्या बघायच्या, बायकांशी बोलायच्या, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या पोराचं जमलं, सगळं ऐकून घ्यायच्या. ती शिदोरी त्यांना पुढच्या रविवारपर्यंत पुरायची.

तर असं हे गोदाम. पण गोदामच ते. मोठा पाऊस झाला त्या वर्षी उल्हास नदीचं पाणी आत शिरलं. बाक तरंगले, गाण्याची पुस्तकं लगदा झाली, हार्मोनियमच्या पोटातून गाळ निघाला. नंतर कित्येक रविवार आत चिखलाचा वास यायचा. शिवाय माणसं वाढलेली. नव्या इमारतींत पनवेल-डोंबिवलीहून लोक राहायला आले होते, उशिरा येणाऱ्यांना बाहेर पत्र्याखाली उभं राहावं लागायचं. तेव्हा गोदाम पाडून तिथेच नवी इमारत बांधायची हे ठरलं यात कुणाची काही चूक नव्हती. चूक असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आराखडा केला नवीन लोंढेने. आपल्याच मंडळीतला पोरगा, इंजिनीअर, पनवेलला काम करतो. वार्षिक सभेत त्याने भिंतीवर चित्र दाखवलं. पांढरीशुभ्र इमारत, वर उंच क्रूस, मागे माथेरानचा डोंगर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करुणाबाई, महिला मंडळाच्या अध्यक्ष, त्यांनी तर डोळ्यांना पदर लावला. चिटणीस संतोष पारधे उभा राहिला आणि ठराव वाचला, सदर आराखडा ही सभा मंजूर करत आहे वगैरे वगैरे.

"अनुमोदक?" पाळकसाहेबांनी विचारलं, आणि या वेळी तर सगळे आधीच भाऊंकडे बघून हसत होते. भाऊंनी हात वर केला.

चित्र समोरून काढलेलं होतं हो. समोरून फक्त क्रूस दिसत होता.

चहा झाला, लोक पांगले, नवीनने कागद टेबलावर पसरले. भाऊ चष्मा पुसत सहज वाकले. जन्मभर कारखान्यात नकाशे बघितलेला माणूस, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खाली सगळं मोकळं, गाड्या लावायला आणि लग्नकार्याला. उपासनेचा हॉल वर, पहिल्या मजल्यावर. आणि बाजूने जिना. जिना चढतो, वळतो, पुन्हा चढतो.

"नवीन, अरे, चर्च वरती आहे?"

"हो ना काका. पाणी आलं तरी आता वर येणार नाही. नदीने कितीही ठरवू दे!" पोरगा खुशीत होता.

"आणि वर... वर जायला दुसरं काही?"

नवीनला मग कळलं. त्याचा चेहरा पडला. वाईट पोरगा नाही तो. म्हणाला, "लिफ्ट आहे काका, दुसऱ्या टप्प्यात धरली आहे. उतार करायचा तर प्लॉट पुरत नाही. मी बघितलं होतं."

दुसरा टप्पा म्हणजे काय ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आपल्याकडे पहिला टप्पा पुरा होता होता माणसं म्हातारी होतात.

घरी आले तर एस्तेरबाई वाटच बघत होत्या. त्या दिवशी कंबर धरली होती म्हणून त्या सभेला थांबल्या नव्हत्या. "कशी आहे हो इमारत? सांगा ना. खिडक्या मोठ्या आहेत का? आणि आमचा बाक कुठे बसणार?"

"मोठ्या आहेत खिडक्या," भाऊ म्हणाले. "बाक... दाराजवळच."

असं खोटं बोलल्यावर माणसाला जेवण जातं का? भाऊंना नाही गेलं. रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. हात आपलाच. कुणी धरून वर केला नव्हता. निदान विचारायचं होतं, एक शब्द विचारायचा होता. पण नाही. सवय मेली!

दुसऱ्या दिवसापासून भाऊ एकेकाच्या घरी जाऊ लागले. आधी चिटणीस संतोषकडे. त्याने पाणी दिलं, चहा दिला, म्हणाला, "भाऊ, खरं आहे तुमचं. अगदी खरं. पण ठराव मंजूर झालाय, आणि अनुमोदन तर..." आणि बिस्किटांची बशी पुढे केली बिचाऱ्याने. मग करुणाबाईंकडे. त्या म्हणाल्या, "एस्तेरबाईंसाठी माझा जीव तुटतो. तुम्ही परत मांडा सभेत, मी आहे." नवीनकडे गेले. तो म्हणाला, "चर्च खालीच ठेवायचं असेल तर जोतं उंच करून, पुढून थोडा उतार काढून बसवता येईल. लग्नाचा हॉल वर जाईल. नकाशा बदलावा लागेल, नगरपरिषदेत परत द्यावा लागेल. वेळ जाईल, पण होईल. तुम्ही मांडा काका, मी आहेच." पाळक विकास साळवे तरुण माणूस, पुण्याहून नुकतेच शिकून आलेले. त्यांनी भाऊंबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली आणि विशेष सभा बोलवायचं कबूल केलं.

सगळे चांगले. जो तो चांगला! एकानेही भाऊंना दारातून परत पाठवलं नाही. भिसेगावला परत येताना भाऊंचं पाऊल हलकं पडत होतं. खोटं एक राहिलं होतं तेवढं, तेही आता आपोआप खरं होणार होतं. बाक दाराजवळच बसणार होता.

पण करुणाबाईंना कुठे चैन पडतंय. सभेच्या आधी त्या एस्तेरबाईंना धीर द्यायला म्हणून घरी आल्या. "तुम्ही मुळीच काळजी करू नका हो," त्या म्हणाल्या. "आणि समजा वर झालंच चर्च, तर आपली पोरं काय कामाची? चौघं जण खुर्चीत बसवून अलगद वर नेतील तुम्हाला. राणीसारखं!"

एस्तेरबाईंनी त्यांना लाडू दिला, चहा दिला, दारापर्यंत पोचवलं. मग वॉकर भिंतीला लावून पलंगावर बसल्या.

"खुर्ची," त्या भाऊंना म्हणाल्या. "पोशीरचं लग्न आठवतं?"

भाऊंना आठवत होतं. न आठवून कसं चालेल. त्या गावातल्या लग्नात गच्चीवर जेवणं होती. पोरांनी हौसेने बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. वळणावर खुर्ची कलली, बाईंनी किंचाळून एकाच्या गळ्यात हात टाकला, साडी पोटरीच्या वर गेली, आणि खाली वरात बघायला उभा असलेला सगळा गाव तो तमाशा बघत राहिला. कुणीतरी मोबाइलही काढला होता. वर गेल्यावर बाई घासभर जेवल्या नाहीत. परत येताना शकूरच्या रिक्षात एवढंच बोलल्या होत्या, "यापुढे मला कुणी उचलायचं ते एकदाच."

"तसं होणार नाही," भाऊ म्हणाले. "मी सभेत मांडतोय. सगळे आपल्या बाजूने आहेत."

"तुम्ही मला बाक दाराजवळ आहे म्हणालात."

भाऊंनी भिंतीला टेकलेला वॉकर उगाच सरळ केला.

"अनुमोदन कुणी दिलं होतं हो?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा. उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक असणारच, इतकी वर्षं संसार केला होता. भाऊंनी मान खाली घातली आणि बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

विशेष सभेला मंडळी भरपूर जमली. एस्तेरबाई आपल्या शेवटच्या बाकावर, वॉकर समोर. भाऊ उठून पुढे गेले. इतक्या वर्षांत सूचक म्हणून उभे राहायची ही पहिलीच वेळ. पण बोलले बरं, नीट बोलले. म्हणाले, चूक माझी आहे, मी न बघता हात वर केला. म्हणाले, आज एस्तेर आहे, उद्या तुमची आई असेल, परवा तुम्ही असाल. म्हणाले, पाण्याची भीती मलाही आहे, म्हणून जोतं उंच करा, नवीन सांगेल कसं ते. तरी उपासनेची जागा खाली असावी, असा ठराव मी मांडतो.

कुणी विरोध केला नाही. कुणी तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. बऱ्याच बायकांनी मान डोलावली.

पाळकसाहेबांनी विचारलं, "अनुमोदक?"

आणि मंडळी भलतीकडे बघायला लागली.

भाऊंनी संतोषकडे बघितलं. संतोष लिहीत होता. काय लिहीत होता देव जाणे, लिहिण्यासारखं अजून काही झालंच नव्हतं. करुणाबाईंनी नवीनकडे बघितलं, म्हणजे तू कर आता. नवीनने करुणाबाईंकडे बघितलं, म्हणजे मोठ्यांनी आधी करावं. नकाशा पुन्हा द्यायचा, वर्ष जायचं, लग्नाच्या पाहुण्यांनी जेवायला वर चढायचं, हेही प्रत्येकाच्या मनात असेलच. पण मला विचाराल तर तेवढंच कारण नव्हतं. या माणसांना हात वर करायचं माहीतच नव्हतं. आपण गप्प राहिलो की कुणीतरी हात वर करतं, हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की ती सगळी शहाणीसुरती माणसं खरोखर वाट बघत बसली होती. आता होईल. आता कुणीतरी करेल.

शांतता वाढत गेली. आणि, काय सांगू तुम्हाला, त्यांचा हात आपोआप वर गेला.

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. मग दोघं-चौघं. वाईट हसू नव्हतं ते, पण हसूच होतं.

"भाऊ," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "सूचकाला स्वतःच्या ठरावाला अनुमोदन देता येत नाही. दुसरं कुणी... कुणीही सभासद चालेल."

कुणीही सभासद. आता सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. खरंच की, बाई सभासद होत्या, बाप्तिस्मा झालेल्या, वर्गणी भरणाऱ्या. त्यांनी नुसता हात वर केला असता तरी ठराव मताला आला असता. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांनी विनवत राहिले. अगं, कर. एकदा कर.

एस्तेरबाईंचे दोन्ही हात वॉकरच्या दांडीवर होते. ते तिथून हलले नाहीत. स्वतःच्या पायासाठी स्वतःच हात पसरायचा, तोही ज्यांना आपण गाणी शिकवली त्यांच्यापुढे, हे त्या बाईला जमणारं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, पुढचा विषय घ्या."

अनुमोदनाअभावी ठराव बारगळला. संतोषने तसं लिहून घेतलं.

सभा संपल्यावर लोक भाऊंचा हात हातात घेत होते. "फार वाईट वाटलं हो भाऊ." "तुम्ही बोललात मात्र छान." भाऊंना त्या क्षणी सगळ्यांचा असा संताप आला की एकेकाची कॉलर धरावी. मग धरायची तर आपलीच पहिली, हे आठवलं आणि रागही अंगातून निघून गेला. उरलं ते नुसतं कोरडं तोंड. "जय ख्रिस्त," ते प्रत्येकाला म्हणत राहिले. "जय ख्रिस्त."

पुढच्या रविवारी सकाळी भाऊ तयार होऊन बाहेर आले तर एस्तेरबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. अंगावर घरातलाच गाऊन.

"अगं, हे काय? शकूर येईल ना."

"शकूरला काल फोन करून सांगितलंय, मी नाही म्हणून."

"बरं वाटत नाही का?"

"बरी आहे."

"मग? एस्तेर, गोदाम अजून उभं आहे. पावसाळा संपल्याशिवाय कुणी हात लावत नाही त्याला. अजून कितीतरी रविवार आहेत आपल्याला."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. पाकळी सोलून त्यांनी वाटीत टाकली. "एकदम तुटलं तर मला सोसायचं नाही. आतापासून थोडी थोडी सवय करते."

भाऊ खुर्चीत बसले. पायात बूट होते. "मग मीही नाही जात."

"तुम्ही नाही गेलात तर सगळे विचारपूस करायला घरी येतील. मला त्यांना लाडू द्यायचे नाहीत. जा."

आणि भाऊ गेले. जाऊ नये असं अंगातला कण न् कण सांगत होता, तरी गेले. बायकोचं एवढं एक ऐकण्याखेरीज तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही त्यांच्या हातात राहिलंच नव्हतं. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर एकटेच बसले. गाणं सुरू करायची वेळ झाली तेव्हा सगळे जरा थांबले, मग पेटीवाल्यानेच सूर धरला, चढा धरला, आणि लोक ओढत ओढत गायले. नव्या इमारतीसाठी प्रार्थना झाली. उपासना संपल्यावर भाऊ मुद्दाम रेंगाळले. दारातच उभे राहिले, म्हणजे प्रत्येकाला त्यांच्यासमोरूनच जावं लागेल. प्रत्येक जण गेला. कुणी हवेबद्दल बोललं, कुणी पाठीवर हात ठेवला, करुणाबाई दुसऱ्या कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत बाहेर पडल्या. नवीन तर मागच्या दाराने गेला असावा, तो दिसलाच नाही. लाज वाटत असेल, दुसरं काय. पण बाकाकडे बघून तोंड उघडायला एकही जण तयार नव्हता.

घरी बाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. भाऊ हात धुऊन बसले.

"प्रवचन कशावर होतं?"

भाऊंनी सांगितलं.

"गाणं कुणी सुरू केलं?"

तेही सांगितलं. चढ्या सुराचं ऐकून बाई जराशा हसल्या. मग त्यांनी पोळी वाढली, त्यावर तूप घातलं, आणि ताटाकडेच बघत विचारलं, "माझं विचारलं का हो कुणी?"

"विचारलं ना," भाऊ म्हणाले. "सगळ्यांनी विचारलं."

बाईंनी वर बघितलं. त्यांच्या तोंडावर एकदम असा उजेड आला की भाऊंना तिथून उठून जावंसं वाटलं.

"हो?" त्या म्हणाल्या. "कुणी कुणी विचारलं? सांगा ना."

भाऊंनी घास हातात धरला आणि एखादं नाव शोधू लागले.